सगळ्यात वाईट महिना कुठला?

घर घ्यायचं ठरल्यापासून भेटलेल्या प्रत्येक माणसाने आम्हाला एकच विचारलं, किती लोन मिळतंय? ऑफिसातल्यांनी विचारलं, नातेवाइकांनी विचारलं, घर विकणाऱ्याने विचारलं, बँकेतल्या साहेबांनी तर हिशोब करून सांगितलंच. आणि आम्ही दोघं पण रात्री झोपताना तेच बोलायचो, अमुक एवढं मिळालं तर ते दुसरं, थोडं मोठं घर पण बघता येईल ना. आता माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा त्याच टप्प्यावर आलेत आणि परवा तिने फोन केला तर हॅलोच्या आधी हेच, ताई, आम्हाला एवढं मिळतंय! मला तिला बरंच सांगायचं होतं पण फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी आणि याच गोंधळात असलेल्या कोणासाठीही.

आधी आमची परिस्थिती सांगते. नवऱ्याला पगार, दर महिन्याला ठरलेला. मी भाषांतराची कामं करते, वर्षभराचं धरलं तर कमाई बरी असते पण ती येते कशीही, एखाद्या महिन्यात तीन बिलांचे पैसे एकदम येतात आणि मग दोन-दोन महिने खात्यात काहीच पडत नाही. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

सगळ्यात आधी गेलो ते आमच्याच बँकेत, जिथे नवऱ्याचं खातं पहिल्या नोकरीपासून होतं. मला मनापासून वाटत होतं की इतक्या वर्षांची ओळख आहे, एक चेक कधी परत गेला नाही, म्हणजे आपल्याला दर चांगला मिळेल. तसं काही झालं नाही. जुन्या खात्यामुळे त्यांचं कागद तपासायचं काम हलकं होतं, दर मात्र ठरतो तो उत्पन्न, आधीच्या कर्जफेडीचा इतिहास, घराच्या किमतीच्या किती टक्के रक्कम तुम्ही मागताय आणि त्या महिन्यात त्या बँकेला नवी कर्जं किती हवी आहेत यावर. आम्हाला मिळाला तो रस्त्यावरून आत येणाऱ्या कोणालाही मिळाला असता असाच दर. साहेब बोलायला चांगले होते, पण ते त्यांच्याच बँकेच्या दोन-तीन स्कीम दाखवू शकत होते, दुसरीकडे स्वस्त मिळतंय हे त्यांना माहीत असलं तरी ते सांगणार नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही, ते तिथले नोकर आहेत. माझी कमाई मात्र त्यांनी हिशोबात जवळजवळ धरलीच नाही, कंत्राटी म्हणून. ते मला लागलं, खोटं कशाला बोलू.

मग कोणीतरी एका ब्रोकरचा, म्हणजे बँकांकडून कर्ज मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचा, नंबर दिला.

त्याचा फोन पहिल्या दिवशी तीनदा आला. खूप उत्साही माणूस, खूप गोड बोलणारा, आणि त्याचं एक वाक्य ठरलेलं, काळजी करू नका मॅडम, सगळं करून देतो. बँकेने सांगितलेला हप्ता आम्हाला जड वाटतोय म्हटल्यावर त्याने दोन मिनिटांत कमी हप्त्याचा कागद काढला, आणि खरंच कमी होता, मी तर सुटकेचा श्वास टाकला. माझ्या उत्पन्नाचं काय विचारलं तर म्हणाला ते जरा गोल करून लिहू, सगळे करतात, कोण बघतंय. आणि जाताना फॉर्मचा एक गठ्ठा पुढे सरकवला, फक्त सह्या करा, बाकी मी भरतो. नवरा पेन उघडत होता. मी म्हटलं अरे थांब, आज राहू दे, घरी जाऊन वाचू. तो माणूस हसत हसत हो म्हणाला पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याला ते आवडलं नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा एक्सेल उघडून स्वतः गणित केलं. माझ्या सगळ्या सांगण्यातला हा भाग बहिणीने दोनदा वाचावा असं मला वाटतं. कर्ज १०० धरा, कुठलेही १००, म्हणजे आकड्याची भीती वाटत नाही. व्याज वर्षाला ८ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण ०.८४. त्यातले पहिल्या हप्त्याला जवळजवळ ८० टक्के नुसतं व्याजात जातात, मुद्दलात जातात हप्त्यातले फक्त २० टक्के, कारण व्याज लागतं ते उरलेल्या मुद्दलावर आणि सुरुवातीला सगळंच उरलेलं असतं. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरला तर तुमच्या खिशातून गेलेले असतात ५०, आणि बाकी दिसते साडेसत्त्याऐंशी. अर्धं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांच्या वर लागतात. वीस वर्षांत एकूण भरता २०० च्या थोडं वर. मी तो तक्ता परत परत वर-खाली करून बघत बसले होते, नवऱ्याला उठवून दाखवला, तो पण काही न बोलता बराच वेळ बघत राहिला.

आणि ब्रोकरचा तो कमी हप्ता? त्याने मुदत २० ची ३० वर्षं केली होती, बस. हप्ता १२ टक्क्यांनी खाली आला होता, आणि एकूण व्याज १०१ वरून १६४ वर गेलं होतं. त्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं, कागदावर मुदत लिहिलेली होती, खाली, पण बोलताना त्या आकड्यावर त्याचं बोट कधी गेलंच नाही. लांब मुदत घेणं वाईटच असं मी म्हणत नाहीये, ज्याला हप्ता झेपायला खरंच तेवढी जागा हवी आहे त्याने घ्यावी आणि हातात पैसे आले की मधे मधे मुद्दलात भरावे, पण मग मुदतीआधी पैसे भरायला दंड आहे का हे आधी विचारायला हवं ना. त्याच्या त्या कागदातल्या कर्जाला दंड होता. तो पण खालीच लिहिलेला.

त्याच कागदावर आणखी एक गोष्ट होती, आधी फी जास्त भरा आणि दर थोडा कमी घ्या. ऐकायला छानच वाटतं. गणित केलं तर कर्जाच्या १ टक्का फी आगाऊ भरून दर ८.१ चा ८ होणार होता, म्हणजे हप्त्यात जी बचत होते ती साठवून भरलेली फी परत मिळायला जवळपास १३ वर्षं. आता १३ वर्षं तेच कर्ज, त्याच बँकेत, तसंच ठेवणारे किती जण असतात? लोक घर विकतात, कर्ज दुसरीकडे हलवतात, लवकर फेडतात. म्हणून नुसता दर बघून दोन कागदांची तुलना होत नाही, फी, विमा, कागदपत्रांचे, मूल्यांकनाचे चार्जेस सगळं धरून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो तो आकडा मागायचा. अमेरिकेत तर १९६८ च्या कायद्याने कर्ज देणाऱ्यांना हा आकडा सांगणं बंधनकारक केलं, एपीआर म्हणतात तो, आणि आता बऱ्याच देशांत कुठल्या ना कुठल्या नावाने तो द्यावाच लागतो. आपण मागितला नाही तर तोंडाने कोणी सांगत नाही, पण मागितला की देतात.

उत्पन्न गोल करून लिहिण्याबद्दल मला फार वेळ घालवायचा नाही. सही आपली असते. चुकीची माहिती दिली म्हणून उद्या प्रश्न आला तर तो ब्रोकर तिथे नसतो. आणि दुसरं म्हणजे, अमेरिकेत २००८ च्या आधी नुसत्या सांगितलेल्या उत्पन्नावर, कागद न बघता ढिगाने घरकर्जं दिली गेली आणि नंतर किती जणांची घरं गेली हे आपण सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. बँक नाही म्हणते तेव्हा राग येतो, मलाही आला, पण जे आपण फेडू शकत नाही ते कोणीतरी हो म्हणून देणं हे त्याहून फार वाईट आहे.

मग मी त्या माणसाला फोन करून विचारलं, तुम्हाला पैसे कोण देतं? तो म्हणाला तुमच्याकडून एक पैसाही घेत नाही मॅडम. मी परत विचारलं, ते कळलं, पण देतं कोण? त्यावर तो बराच वेळ सेवा, नाती, विश्वास यावर बोलला. मला उत्तर मिळालं नाही, म्हणजे खरं तर मिळालं.

यात लपवण्यासारखं काही नसतं हे मला नंतर समजलं. बऱ्याच ठिकाणी ब्रोकरला कमिशन बँक देते, कर्ज उचललं की एक रक्कम, काही देशांत त्यानंतर कर्ज चालू असेपर्यंत दर वर्षी थोडी थोडी. कर्ज जेवढं मोठं तेवढं कमिशन मोठं. कर्ज पहिल्या एक-दोन वर्षांत बंद केलं तर काही बँका ते कमिशन ब्रोकरकडून परत घेतात, त्यामुळे वर्षभरात दर उतरले तरी दुसरीकडे जा असं तो आपणहून सांगेल याची खात्री नाही. काही ब्रोकर एकाच बँकेशी बांधलेले असतात, काहींकडे पाच-सहा बँकांची यादी असते, काहींकडे बरीच मोठी, आणि काही बँका ब्रोकरांशी व्यवहारच करत नाहीत, म्हणजे त्यांचा दर तुम्हाला त्याच्या कागदावर कधी दिसणारच नाही. अमेरिकेत एके काळी गिऱ्हाइकाला महाग दर चिकटवला की ब्रोकरला जास्त पैसे मिळायचे, २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर ते बंद करण्यात आलं. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२१ पासून घरकर्जाच्या ब्रोकरवर गिऱ्हाइकाच्या हिताला प्राधान्य द्यायची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे सरकारांना सुद्धा कायदे करावे लागले, इतका हा प्रश्न खरा आहे, तो विचारायला आपण लाजायचं कशाला. तुम्हाला कोण देतं, किती देतं, आणि तुमच्याकडे कोणाकोणाची कर्जं नाहीत. हे तीन प्रश्न मी बहिणीला पाठ करायला सांगणार आहे.

दुसऱ्या ब्रोकर एक बाई होत्या, नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने नाव सुचवलं होतं. फोनवर त्या फारसं बोलल्याच नाहीत, कागद घेऊन या म्हणाल्या. गेलो तर त्यांनी आधी बँकेची स्टेटमेंट मागितली, सहा महिन्यांची नाही, दोन वर्षांची. शांतपणे एक एक पान बघत बसल्या, आम्ही दोघं समोर बसलोय, मला परीक्षेचा पेपर कोणी तपासतंय असं वाटत होतं. आणि मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, तुमचा वर्षातला सगळ्यात वाईट महिना कुठला?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतक्या दिवसांत आम्हाला कोणी हे विचारलं नव्हतं, आणि आम्ही स्वतःला पण विचारलं नव्हतं. सगळे वर्षाचा बेरजेचा आकडा घेऊन त्याला बाराने भागत होते. त्यांनी स्टेटमेंटमध्ये पेन्सिलने दोन खुणा केल्या होत्या, दोन्ही वर्षी तेच दोन महिने, माझं काम थंड असतं तेव्हाचे, आणि नेमके त्यातच विम्याचे हप्ते आणि वर्षाची सगळी मोठी बिलं. त्या म्हणाल्या, हप्ता बारा महिन्यांच्या सरासरीला भरायचा नसतो, तो या महिन्यात पण भरायचा असतो, या महिन्यात जेवढा झेपतो तेवढाच तुमचा हप्ता, आता त्यावरून मागे येऊन कर्ज किती ते काढू. आणि ते काढलं. बँकेच्या साहेबांनी जे मिळतंय म्हणून सांगितलं होतं त्याच्यापेक्षा ते बरंच कमी निघालं, पहिल्या ब्रोकरपेक्षा तर खूपच. नवऱ्याचा चेहरा उतरला. माझाही उतरला असणार. ते मोठं घर तिथे टेबलावरच गेलं.

मी त्यांना पण तोच प्रश्न विचारला, तुम्हाला पैसे कोण देतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला, त्यावर त्या ज्यांची कामं करतात त्या कर्ज देणाऱ्यांची नावं आणि समोर प्रत्येकाकडून मिळणारं कमिशन. तुमचं कर्ज कमी झालं तर माझं पण कमी होतं, त्या म्हणाल्या, ते मला माहितीये. एवढंच बोलल्या आणि पुढच्या पानावर गेल्या.

मग बराच वेळ दर बदलला तर काय, यावर गेला. स्थिर दर आणि बदलता दर, यात कुठला चांगला असं सरसकट कोणी सांगू शकत नाही, पुढची वीस वर्षं व्याजदर कुठे जाणार हे कोणालाच ठाऊक नसतं. विचारायचं ते असं की बदलता असेल तर कशाला बांधलेला आहे, बँकेच्या मनाला की बाहेरच्या एखाद्या जाहीर दराला, आणि किती महिन्यांनी बदलतो, आणि खाली येताना पण तेवढ्याच लवकर येतो का. स्थिर म्हणत असतील तर किती वर्षं स्थिर, कारण दोन-तीन वर्षं कमी दर दाखवून पुढे बदलत्यावर टाकणारी कर्जं खूप असतात आणि जाहिरातीत मोठ्या अक्षरात पहिल्या दोन वर्षांचाच आकडा असतो. बाईंनी आम्हाला एक गणित करून दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. तेच १०० चं कर्ज, ८ टक्के, २० वर्षं, आणि समजा सुरुवातीलाच दर १० झाला. मुदत तीच ठेवायची तर हप्ता १५ टक्क्यांनी वाढतो. आणि हप्ता तोच ठेवून मुदत वाढवायची म्हटलं तर २० ची होतात जवळपास ५६ वर्षं, कारण जुना हप्ता आता जवळजवळ पूर्ण व्याजातच संपतो. फक्त दोन टक्के! म्हणून दर वाढला की हप्ता वाढवणार की मुदत, आणि ते आम्हाला विचारून करणार की नुसतं पत्र पाठवून, हे प्रत्येक कर्ज देणाऱ्याला लेखी विचारा म्हणाल्या.

आम्ही तीन ठिकाणी विचारलं. ईमेलने. आणि खरं सांगायचं तर आमची निवड तिथेच झाली. एकाने उत्तर दिलंच नाही. एकाने माहितीपत्रक पाठवलं ज्यात आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिसऱ्याने, म्हणजे तिथल्या एका साध्या कर्मचाऱ्याने, पाच ओळींत उत्तर दिलं, प्रत्येक प्रश्नासमोर, आणि एका प्रश्नाला लिहिलं की हे मला नक्की माहीत नाही, विचारून उद्या कळवते, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं. त्यांचा दर सगळ्यात कमी नव्हता, थोडासा जास्त होता. हा थोडासा किती हे पण बघितलंच आम्ही, कारण तिथे भावनेवर जाऊन चालत नाही, अर्धा टक्का जास्त असेल तर २० वर्षांत १०० मागे साडेसात जास्त जातात, ते काही थोडं नाही. फरक त्याहून खूप कमी होता, मुदतीआधी फेडायला दंड नव्हता, आणि माझी कमाई त्यांनी दोन वर्षांची सरासरी काढून का होईना पण धरली होती. मला त्याचं किती बरं वाटलं ते पैशात सांगता येणार नाही.

आणखी एक, चार ठिकाणी एकदम अर्ज करत सुटू नका. नुसती चौकशी वेगळी आणि अर्ज वेगळा, प्रत्येक अर्जाची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्जांच्या इतिहासाच्या अहवालात, राहते आणि थोड्या थोड्या दिवसांनी अर्ज पडत राहिले तर पुढचा बघणारा शंका घेतो. आणि तत्त्वतः मंजुरी मिळाली म्हणजे मंजुरी मिळाली असं पण समजू नका, घराचे कागद आणि मूल्यांकन अजून व्हायचं असतं, तिथे आकडा खाली येऊ शकतो. आमच्या ओळखीत एकांनी त्या पहिल्या पत्रावर जुनं घर सोडायची नोटीस देऊन टाकली होती, त्यांचे पुढचे दोन महिने कसे गेले ते त्यांनाच माहीत.

घर तारण ठेवून घेतलेल्या अशा कर्जाला इंग्रजीत मॉर्गेज म्हणतात, तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय, मृत तारण असा त्याचा अर्थ. एडवर्ड कोक नावाच्या इंग्रज कायदेपंडिताने १६२८ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलंय की कर्ज फेडलं नाही तर कर्ज घेणाऱ्यासाठी जमीन मेली आणि फेडलं तर कर्ज देणाऱ्यासाठी ते तारण मेलं. मी शब्दांतच काम करणारी बाई, कामाच्या ओघात हे कधीतरी वाचलं होतं, पण सह्या करायच्या दिवशी ते डोक्यातून जाईना. चाळीस-पन्नास पानं होती. आम्ही सगळी वाचली, तिथेच बसून, मागे दुसरे लोक थांबले होते तरी. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, मसुदा दोन दिवस आधी मागून घ्या, आणि आम्ही घेतला होता, तरी परत वाचली. एका पानावर विमा होता, कर्जासोबत आपोआप जोडलेला. हा सक्तीचा आहे का विचारलं. नाही म्हणाले. मग काढा म्हटलं. काढला. विचारलं नसतं तर वीस वर्षं तो कर्जातच धरला गेला असता, व्याजासकट. घरात कमावणारे गेले तर हप्त्याचं काय याची सोय हवीच, ती आम्ही वेगळी, आमच्या हिशोबाने केली.

शेवटच्या पानावर हप्त्याची तारीख छापलेली होती, महिन्याची ५. नवऱ्याचा पगार जमा होतो ७ तारखेला. मी आणि नवऱ्याने इतकं सगळं वाचूनही ते आमच्या लक्षात आलं नव्हतं. बाई त्या दिवशी आमच्याबरोबर आल्या होत्या, त्यांनी पान आपल्याकडे ओढलं, त्या तारखेवर बोट ठेवलं आणि पलीकडच्या माणसाला म्हणाल्या, ही १० करा. तो म्हणाला सिस्टिममध्ये ५ च येते. त्या म्हणाल्या, मग सिस्टिममध्ये कोण बदलतं त्यांना बोलवा, आम्ही बसतो. आम्ही पाऊण तास बसलो. मी घड्याळ बघत होते, नवरा फोन बघत होता, बाई पर्समधून पेन्सिल काढून आमच्या त्या जुन्या स्टेटमेंटवरच्या दोन खुणा परत बघत होत्या. मग आतून कोणीतरी आलं, नवीन पान छापून आणलं, त्यावर १० होती, आणि मी सही केली.